हातचे तीन

ऑक्टोबरात आम्ही नारळ मोजले होते,
झाडावरचे नव्हे, कागदावरचे.
लेखाशीर्ष: सुके खोबरे, खरेदी, बाहेरची बेटे.
तीन वर्षांची सरासरी,
त्यात थोडा दुष्काळ, थोडा आळस धरून
आकडा मीच टाइप केला होता
तारावाच्या या अरुंद पट्टीवर,
जिथे एका खिडकीतून समुद्र दिसतो
आणि दुसऱ्या खिडकीतूनही समुद्रच.

मग दक्षिणेच्या बेटांवर पावसाने हात सैल सोडला.
झाडांना अंदाजपत्रक कोणी दाखवलेच नव्हते.

जुलै उजाडायच्या आत पैसे संपले.
नोनौतीच्या गोदामाचा मापाडी, तोआकाई,
रेडिओवर म्हणाला,
पोती येताहेत. रोकड नाही. चिठ्ठ्या देतोय.
पुढच्या आठवड्यात: चिठ्ठ्यांचे पुस्तक संपले,
पोराच्या वहीची पाने फाडतोय.
त्याच्या पुढच्या आठवड्यात फक्त एक शब्द:
उंदीर.

म्हणून आज ही पुरवणी मागणी.
परीक्षेत उत्तर लांबले की पोर हात वर करते,
जादा कागद घेते, दोऱ्याने मागे बांधते,
तसे सरकार उभे आहे सभागृहात.
फरक इतकाच, की इथले पर्यवेक्षक म्हणतात,
पहिल्या कागदावर काय लिहिलेस ते आधी वाच.

अर्थमंत्री वाचतात. घसा कोरडा.
एक जण विचारतो, एवढे पिकणार हे कळले कसे नाही?
दुसरी विचारते, औषधांचे शीर्ष असे कधी फुगत का नाही?
तिसऱ्याला आपल्या बेटाचा मोडका धक्का आठवतो
(तो त्याला प्रत्येक विधेयकात आठवतो).
आणि पैसा कुठून?
माशांतून.
परक्या बोटी आमच्या पाण्यात ट्यूना धरतात,
त्यांच्या परवान्यांचे यंदा चार पैसे जास्त आले.
म्हणजे नारळाचे देणे माशाने फेडायचे.
कुणीतरी हसले. सभापतींनी घड्याळ पाहिले.

तेव्हा नोनौतीचे म्हातारे इएरेविता उठले.
गावच्या मानेआबात ज्याच्या त्याच्या घराण्याची जागा ठरलेली,
ज्याचा त्याचा खांब.
इथे खांब काँक्रीटचे, कुणाचेच नाहीत,
तरी बोलण्याआधी ते एकदा पाठीमागे चाचपतात.

"जूनमध्ये नेई रोतिआने पन्नास किलो घातले.
चिठ्ठीवर पन्नास.
आज तेच पोते पुन्हा काट्यावर चढवा,
सत्तेचाळीस भरेल.
खोबरे वाळते, सभापती महोदय.
आपण बोलतोय तेवढ्यात वाळते.
ते तीन किलो कोणाचे?"

मंत्र्यांनी मागे पाहिले.
मागे मी होते.
फाईल चाळली. डिझेल आहे, प्रवासभत्ता आहे,
संकीर्णमध्ये चारशे डॉलर आहेत,
ते पाहुण्यांच्या छत्र्यांना जायचे आहेत.
वाळण्याचे लेखाशीर्ष नाही.
मी मान हलवली.

"चिठ्ठीप्रमाणेच देऊ," मंत्री म्हणाले, "पन्नासचेच."
"आणि बोटीवर चढवताना कमी भरेल ते?"
"ते... पुढच्या पुरवणीत."

दुसरे वाचन. तिसरे वाचन.
हो म्हणणारे हो म्हणाले.
नाही म्हणायला कुणी नव्हते.
एक सदस्य झोपले होते,
त्यांचे घोरणे मी कुठल्याच बाजूला धरले नाही.

संध्याकाळी तक्ता जुळवायला बसले.
शाळेत बेरजेचा हातचा आम्ही कडेला बारीक लिहायचो
आणि उत्तर आले की खोडून टाकायचो,
नेटक्या वहीत तो दिसायचा नाही.
आज मंजूर रकमेच्या शेजारी पेन्सिलीने लिहिले: तीन.
खोडरबर हाताशी होता.

सही उद्या. बोट शुक्रवारी,
इंजिनाने मनावर घेतले तर.
तोआकाईला रेडिओवर सांगितले, मंजूर झाले.
तो म्हणाला, पुन्हा बोल,
इकडे वारा आहे.